चित्रपट-मालिकांच्या ध्वनिमुद्रणासाठी स्वतःचा पहिला संच : पैसे आधी कशावर घालावेत?

बूमवाला_करवीर

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो. काही वर्षे मालिकांच्या सेटवर बूम ऑपरेटर (लांब काठीला लावलेला माइक धरणारा) म्हणून काम केल्यानंतर आता लघुपट आणि माहितीपटांच्या ध्वनिमुद्रणाची कामे स्वतंत्रपणे मिळू लागली आहेत. प्रत्येक कामासाठी संच पुण्याहून किंवा मुंबईहून भाड्याने आणावा लागतो. चित्रीकरण दोनच दिवसांचे असले तरी आणण्या-पोहोचवण्याचे दिवस भाड्यात धरले जातात, आणि लहान निर्मात्याला तो खर्च पेलत नाही. म्हणून स्वतःचा संच घ्यायचे ठरवले आहे. साडेतीन लाख रुपये बाजूला काढले आहेत. त्यापलीकडे कर्ज काढण्याची इच्छा नाही.

माझ्या मनातला हिशोब असा आहे : साउंड डिव्हायसेसचा मिक्सप्री-६ (दुसरी आवृत्ती) हा रेकॉर्डर, त्याच्या जोडीला दोन वायरलेस लेपल (कपड्यांना लावायचे छोटे माइक), आणि उरलेल्या पैशांत बसेल तो शॉटगन माइक (समोरचा आवाज जास्त टिपणारा, लांब नळीचा). निम्मे काम घरातल्या संवादांचे असते, निम्मे शेतात, घाटात किंवा नदीकाठी. पुढेमागे मालिकांची कामेही घ्यायची आहेत. हा क्रम योग्य आहे का? घरातल्या प्रसंगांसाठी वेगळा माइक खरोखर लागतो का? आणि ३२-बिट फ्लोट असलेला रेकॉर्डर घेतला की लेव्हलची (मुद्रित आवाजाच्या पातळीची) काळजी संपते, असे सगळेच सांगतात, त्यात तथ्य किती? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मौनव्रत

तुमच्या यादीतली नावे चांगली आहेत, क्रम मात्र मी उलटा करीन. "उरलेल्या पैशांत बसेल तो माइक" हे वाक्य आधी खोडा. माइक, त्याची झोळी (हाताळणीचे धक्के अडवणारा शॉकमाउंट), वाऱ्यापासूनचे संरक्षण, बूमची काठी आणि हेडफोन यांवर आधी पैसे घाला, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो रेकॉर्डर घ्या.

कारण सरळ आहे. सेनहायझरचा एमकेएच ४१६ १९७० च्या दशकापासून सेटवर आहे आणि आजही रोजच्या कामाला चालतो. त्याच काळात नागरा रेकॉर्डरची पाव इंची टेप गेली, डॅट (डिजिटल टेप) आली आणि गेली, हार्ड डिस्कवाले रेकॉर्डर आले आणि गेले, आणि आता सगळे कार्डावर आले आहे. रेकॉर्डर चार-सहा वर्षांत जुना वाटू लागतो आणि विकायला गेलात तर निम्मी किंमतही मिळत नाही. चांगला माइक नीट सांभाळला तर तुमच्या पुढच्या दोन-तीन रेकॉर्डरांना पुरून उरतो. शिवाय आजचे मधल्या किमतीचे रेकॉर्डर इतके शांत आहेत की त्यांच्या प्रीॲम्पमधला (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागातला) फरक कोल्हापूरच्या कुठल्याही प्रत्यक्ष ठिकाणी ऐकू येणार नाही. पंखा, रिक्षा आणि कावळे त्याच्या कितीतरी वर असतात. माइक तोंडापासून दोन फुटांवर होता की चार फुटांवर, हा फरक मात्र कोणालाही ऐकू येतो. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि खोलीचा घुमारा आहे तिथेच राहतो.

घरातल्या माइकविषयी. शॉटगनच्या पुढच्या नळीला खाचा असतात. बाजूने येणारा आवाज त्या खाचांतून वेगवेगळ्या वेळी आत शिरतो आणि आपला आपणच पुसला जातो. पण ४१६ एवढ्या, म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर लांबीच्या माइकमध्ये ही करामत दीड-दोन किलोहर्ट्झच्या वरच नीट चालते. त्याखाली तो साध्या सुपरकार्डिऑइडसारखाच (मुख्यतः समोरचा आवाज घेणाऱ्या, नळी नसलेल्या माइकसारखाच) वागतो. मोकळ्या शेतात याने काही बिघडत नाही. स्लॅब आणि टाइल्सच्या खोलीत मात्र छतावरून परतणारा आवाज काही वारंवारतांमध्ये पुसला जातो, काहींमध्ये तसाच राहतो, आणि नटाने मान वळवली की संवादाचा पोत बदलतो. म्हणून घरात लहान हायपरकार्डिऑइड किंवा सुपरकार्डिऑइड वापरतात. शेप्सचा एमके ४१ किंवा सेनहायझरचा एमकेएच ५० तुमच्या आवाक्याबाहेर आहेत. ऑडिओ-टेक्निकाचा ४०५३बी पाहा, आणि तोही जड वाटला तर ओक्ताव्हाचा एमके-०१२ त्याच्या हायपरकार्डिऑइड कॅप्सूलसह (आवाज टिपणाऱ्या टोकासह). ओक्ताव्हाला हाताळणीचा आणि वाऱ्याचा त्रास फार होतो, तेव्हा त्याची झोळी चांगलीच हवी.

एवढे करूनही खोली घुमत असेल तर दोन-चार गोधड्या आणि सतरंज्या मागा. कोल्हापुरात त्या प्रत्येक घरात मिळतात, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर टांगलेली गोधडी जे करते ते कुठलाही महाग प्रीॲम्प करू शकत नाही.

किनारपट्टी

मौनव्रत यांच्याशी पूर्ण सहमत आहे. फक्त बाहेरच्या माइकबद्दल एक गोष्ट जोडते. मी माहितीपटांसाठी बहुतेक काळ रत्नागिरी-सिंधुदुर्गात काम करते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर माइकची परीक्षाच असते.

साध्या कंडेन्सर माइकमधल्या कॅप्सूलवर विजेचा दाब कायम असतो आणि त्याचा अंतर्गत रोध प्रचंड असतो. दमट हवेचा पातळ थर आत बसला की तिथून वीज झिरपते आणि हेडफोनमध्ये फुटाणे फुटल्यासारखा आवाज येऊ लागतो. थंड गाडीतून उतरून माइक लगेच बाहेर काढला तर हे हमखास होते. एमकेएच मालिकेतले माइक रेडिओ-वारंवारतेच्या मंडलावर चालतात. त्यांत कॅप्सूलचा रोध कमी राहतो आणि दमटपणाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. रोडचा एनटीजी-३ देखील याच पद्धतीचा आहे आणि ४१६ पेक्षा बराच स्वस्त पडतो. राधानगरी, गगनबावडा, आंबोली या बाजूची पावसाळी कामे तुम्ही घेणारच असाल, तेव्हा बाहेरचा माइक या दोन्हींपैकीच एक असावा असे मला वाटते. सेनहायझरचा एमकेई ६०० हा आणखी स्वस्त आणि पेन्सिल सेलवरही चालणारा माइक नवशिक्यांना नेहमी सुचवला जातो. तो वाईट नाही, पण त्या पद्धतीचा नाही.

माइक ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी ब्लिम्प (माइकभोवतीचा वारा अडवणारा पिंजरा) आणि त्यावरचे केसाळ आवरण घ्या, "नंतर बघू" म्हणू नका. माइकसोबत मिळणारी फोमची टोपी घरात बूम हलवण्यापुरती असते. घाटातल्या वाऱ्यात तिचा उपयोग शून्य. वारा एकदा मुद्रित झाला की तो काढण्याचे जे उपाय आहेत ते सगळे संवादाचा तळही सोबत घेऊन जातात. आणि ४१६ ला स्वतःचा लो-कट (खालच्या वारंवारता कापणारा) स्विच नाही, तेव्हा रेकॉर्डरवरचा फिल्टर लावायची सवय ठेवा.

घरी परतल्यावर माइक लगेच डब्यात बंद करू नये. आधी पंख्याखाली कोरडा होऊ द्यावा आणि मग सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवावा. जेल ओलसर झाले की तव्यावर मंद आचेवर तापवले तरी चालते. रंग बदलणारे मिळाले तर ते कधी तापवायचे तेही कळते.

सेट_नंबर_चार

वरची चर्चा चित्रपट आणि माहितीपटांच्या दृष्टीने बरोबर आहे. मालिकांच्या दृष्टीने मात्र ती अपुरी आहे. मी गोरेगावच्या बाजूला मालिकांचे ध्वनिमुद्रण करतो. आमच्याकडे दोन-तीन कॅमेरे एकाच वेळी चालतात, एक लांब आणि एक जवळ. लांबच्या कॅमेऱ्यात बूम दिसतो म्हणून तो वर उचलावा लागतो, आणि त्याच क्षणी जवळच्या कॅमेऱ्याला हवा असलेला आवाज हातचा जातो. अशा ठिकाणी लेपलला पर्याय नाही. एका प्रसंगात सासू, सून, दीर, जाऊ असे सात जण उभे असतात आणि दिवसाला ठरलेल्या मिनिटांचे चित्रीकरण द्यावेच लागते. तिथे "मी गोधड्या टांगतो" म्हणणाऱ्या रेकॉर्डिस्टला दुसऱ्या दिवशी बोलावणे येत नाही.

तरीही बूमवाला_करवीर यांनी आत्ताच दोन लेपल विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. दोन लेपल मालिकेला पुरत नाहीत आणि माहितीपटाला बहुधा एकच लागतो. मालिकेचे काम मिळाले की सहा-आठ चॅनलांचा संच निर्मिती संस्थेच्या खर्चाने भाड्याने येतो. स्वतःचा एकच चांगला वायरलेस सेट ठेवा आणि त्याचा मूळ लेपल बदलून सांकेनचा सीओएस-११ किंवा डीपीए ४०६० लावा. सेटसोबत येणारा लेपल कपड्यांच्या आत गेला की गुदमरतो.

जुने वायरलेस घेणार असाल तर त्याचा वारंवारता-पट्टा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठी विकला गेला आहे. सेनहायझरच्या जुन्या जी-३ सेटमधला "सी" पट्टा ७३४ ते ७७६ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे नेमका त्याच घरात. असे सेट आता स्वस्तात विकायला निघालेले दिसतात आणि त्याचे कारण हेच आहे. टॉवरजवळ ते केव्हा खरखरतील याचा नेम नाही. याशिवाय या सेटच्या नकला बाजारात बऱ्याच आहेत. वजन, झाकण उघडल्यावरचे छापील क्रमांक आणि बिल, तिन्ही तपासावे. यूएचएफ पट्ट्यावरच्या (असल्या वायरलेस सेटसारख्या) उपकरणांचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस नियोजन) शाखेच्या कक्षेत येतो, तेव्हा मोठ्या शासकीय किंवा परदेशी निर्मितीत कोणी कागद मागितला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

२.४ गिगाहर्ट्झचे छोटे सेट परवानामुक्त पट्ट्यात चालतात आणि मुलाखतीला सोयीचे असतात. पण गर्दीच्या ठिकाणी प्रत्येकाच्या खिशात त्याच पट्ट्यावरचा फोन असतो, आणि माणसाने पाठ फिरवली की शरीरच सिग्नल अडवते. घ्यायचाच असेल तर ट्रान्समीटरमध्ये आतल्या आत मुद्रण होणारा घ्या, म्हणजे तुटलेला भाग नंतर भरून काढता येतो.

आता लेपल लावण्याविषयी, कारण मराठी कामात याला फार महत्त्व आहे. मंगळसूत्राच्या वाट्या लेपलवर आपटतात. वेशभूषेच्या ताईंना सांगून मागच्या बाजूला मायक्रोपोरची (कागदी चिकट) पट्टी लावून घ्यावी. काचेच्या बांगड्यांवर उपाय नाही, तिथे बूमच हवा. पैठणीचा पदर सळसळतो, म्हणून लेपल पदराच्या पट्टीत न लावता ब्लाउजच्या काठाशी, आतून चिकटवावा. खळ घातलेल्या सदऱ्यात लेपल दोन बटणांच्या मध्ये ठेवला तर प्रत्येक श्वासाला कागद चुरगाळल्यासारखे ऐकू येते. फेट्यात लपवलेला लेपल उत्तम आवाज देतो, पण नट मानेला झटका देणारा नसावा. आणि कोणाच्याही अंगाला हात लावण्याआधी विचारावे. बायकांना लेपल लावायला शक्यतो वेशभूषेतल्या सहकारी बाईंनाच सांगावे.

मौनव्रत

सेट_नंबर_चार यांच्या म्हणण्यात फक्त एक दुरुस्ती सुचवतो. बूम वर उचलावा लागतो हे खरे, पण तो खाली राहावा म्हणून भांडणे हेही रेकॉर्डिस्टचे काम आहे. छायालेखकाशी सकाळीच बोलून चौकटीची वरची कड कुठे आहे ते विचारले, तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. लांबचा शॉट संपल्यावर त्याच जागी, त्याच नटांकडून फक्त आवाजासाठी एक टेक मागावा. बहुतेक दिग्दर्शक नाही म्हणत नाहीत, पण तो रेकॉर्डिस्टने मागावा लागतो.

३२-बिट फ्लोटचा प्रश्न राहिला होता. अशा रेकॉर्डरमध्ये प्रत्येक चॅनलला कमी आणि जास्त गेनचे (आवाज वाढवण्याच्या प्रमाणाचे) दोन डिजिटल परिवर्तक असतात आणि दोन्हींची माहिती जोडून फाइल बनते. त्यामुळे अचानक किंचाळी आली तरी रेकॉर्डरच्या आत आवाज फाटत नाही. नंतर लेव्हल खाली ओढली की लहर पूर्ण सापडते. पण माइकच फाटला, किंवा वायरलेस ट्रान्समीटरचा गेन जास्त ठेवल्यामुळे आवाज तिथेच दबला, तर पुढे कितीही बिट असले तरी उपयोग नाही. लांब ठेवलेला माइकही त्यामुळे जवळ येत नाही. आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत नसते : दिग्दर्शक आणि स्क्रिप्टवाल्या ताई हेडफोनवर तुमचे मिक्स ऐकत असतात. ते हातानेच करावे लागते, त्यासाठी बोटांना सापडतील अशा घुंड्या लागतात. म्हणून या सोयीचा आनंद माना, तिच्यावर विसंबू मात्र नका.

तुमच्या बजेटात मला झूमचा एफ-६ योग्य वाटतो. सहा एक्सएलआर इनपुट (माइकची तार लावायच्या जागा), ३२-बिट फ्लोट, मागे सोनीच्या एल-मालिकेची बॅटरी लागते, यूएसबी-सीवरही चालतो. त्याच्या घुंड्या फार लहान आहेत, हा त्याचा खरा दोष. दोन चॅनलांचा एफ-३ आणखी स्वस्त आहे, पण त्यावर गेनची घुंडीच नाही आणि टाइमकोडची (कॅमेरा आणि रेकॉर्डर जुळवणाऱ्या वेळेच्या खुणेची) तार थेट लागत नाही; तो दुसरा, राखीव रेकॉर्डर म्हणून ठीक. मिक्सप्री-६ हाताळायला निःसंशय सरस आहे, मात्र त्याला चारच एक्सएलआर आहेत, आणि तुमच्या पैशांतला इतका मोठा हिस्सा तो घेईल की बाकी सगळीकडे तडजोड होईल.

कट_टू_साउंड

मी पुण्यात संकलनोत्तर ध्वनीचे काम करते, म्हणजे तुम्ही सगळे जे आणता ते माझ्या टेबलावर येते. माइक कोणता होता हे मला क्वचितच विचारावे लागते. मला अडवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात.

फाइल अशी हवी : ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट किंवा ३२-बिट फ्लोट, ब्रॉडकास्ट वेव्ह प्रकारची. प्रत्येक माइकचा स्वतंत्र ट्रॅक आणि त्याखेरीज एक मिक्स. ट्रॅकना नावे द्या. "ट्रॅक ३" हे नाव नव्हे, "आजी लेपल" हे नाव आहे. प्रसंग आणि टेकचे क्रमांक रेकॉर्डरमध्येच भरा, मग ते फाइलसोबत प्रवास करतात. प्रत्येक जागेचा निदान अर्धा-एक मिनिट रूम टोन (कोणी न बोलता घेतलेला त्या जागेचा आवाज) द्या, आणि तो सगळी मंडळी खोलीत असताना, दिवे चालू असतानाच घ्या. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोलीत घेतलेला टोन दृश्याशी जुळत नाही. फ्रिज बंद करायला लावलात तर गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवा. निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते आणि घरमालकाचे दूध नासत नाही.

क्लॅप (पाटीची टाळी) स्वस्त आहे, तो प्रत्येक टेकला द्या. टाइमकोड असला तरीही द्या. टेंटॅकलसारखी छोटी टाइमकोड पेटी सुरुवातीला भाड्याने घेतली तरी पुरते. एकाच कॅमेऱ्याच्या लघुपटाला ती नसली तरी काम अडत नाही.

हेडफोनवर वाद नको म्हणून सांगते : सोनीचा एमडीआर-७५०६ घ्या किंवा सेनहायझरचा एचडी २५. दोन्ही बंद कपांचे आहेत, आणि वर्षानुवर्षे तोच एक वापरला की कानाला त्याची ओळख होते.

हिशेबी

तांत्रिक बाबींत मला गती नाही, पण भावाचा हाच व्यवसाय असल्यामुळे कागदांची बाजू सांगतो. सगळी खरेदी पक्क्या बिलावर करावी. या उपकरणांवर १८ टक्के जीएसटी असतो आणि विनाबिल घेतले तर ते वाचल्यासारखे वाटतात. पण विमा काढायचा असेल, वॉरंटीत दुरुस्ती करायची असेल किंवा पुढे विकायचे असेल, तर बिलावाचून अडते. विमा प्रवासातली चोरी आणि पाण्याने होणारे नुकसान धरूनच घ्यावा.

निर्मात्याला दर सांगताना स्वतःचे मानधन आणि संचाचे भाडे वेगवेगळे लिहावे. एकत्र सांगितले की पुढच्या कामाला "आमच्याकडे माइक आहे, तुम्ही फक्त या" असे म्हणतात आणि त्याच रकमेतून कापतात. विमानाने जाताना लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्या लागतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या चालतात, त्यावरच्या, १६० पर्यंतच्या असतील तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

बूमवाला_करवीर

सर्वांचे मनापासून आभार. यादी नव्याने मांडली आहे. बाहेरसाठी एनटीजी-३, घरासाठी ४०५३बी, दोघांना पुरेल असा ब्लिम्प आणि वेगळी घरातली झोळी, कार्बन फायबरची काठी, एफ-६, एमडीआर-७५०६, एक वायरलेस सेट आणि त्याला सीओएस-११. केबली, बॅटऱ्या, कार्डे आणि पिशवी यांसाठी पन्नास हजार राखून ठेवले आहेत. ४१६ चा मोह आवरला, कारण तो घेतला असता तर घरातला माइक लांबणीवर पडला असता.

एक शंका उरली आहे. पहिला लघुपट सेकंदाला २४ फ्रेम्सवर होणार आहे असे दिग्दर्शक म्हणतात आणि त्यानंतरचे वाहिनीचे काम २५ वर आहे. रेकॉर्डरवर दोन्ही वेळा नेमके काय लावायचे?

कट_टू_साउंड

वाहिनीच्या कामाला २५ लावा, तिथे गोंधळ नाही. लघुपटाच्या वेळी "२४" या शब्दावर विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्याच्या मेन्यूत स्वतः डोकावून बघा. बरेच मिररलेस कॅमेरे २४ म्हणतात आणि प्रत्यक्षात २३.९७६ वर चालतात. रेकॉर्डर पूर्ण २४ वर राहिला तर दोघांच्या टाइमकोडमध्ये तासाला ३.६ सेकंदांचे अंतर पडते आणि दुपारनंतरचे टेक जुळवताना संकलकाचा दिवस जातो. ध्वनीचा नमुना-दर (सॅम्पल रेट) दोन्ही वेळा ४८ किलोहर्ट्झच ठेवायचा, ४८.०४८ वगैरे पर्याय दिसले तर त्यांना हात लावायचा नाही. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी त्याच कॅमेऱ्यावर आणि त्याच रेकॉर्डरवर क्लॅप देऊन पाच मिनिटांचा एक सलग टेक घ्या, शेवटी पुन्हा क्लॅप द्या आणि फाइली संकलकाकडे पाठवा. दोन्ही क्लॅप जुळले की पुढे जा.